रसायनाचे पहिले शब्द

शास्त्रीय परिभाषा हा विषय शाळाखात्याचा आणि कोशकारांचा, वाङ्मयाशीं त्याचा कांहीं संबंध नाहीं, अशी समजूत आपल्या सुशिक्षित वर्गांत फार दिवसांपासून रुजलेली आहे. एखाद्या कादंबरींत शब्द चुकीचा पडला, तर टीकाकार त्या लेखकास धारेवर धरतात. परंतु ज्या शब्दांच्या आधारानें आपलीं मुलें सृष्टींतील पदार्थांचा विचार करावयास शिकतात, त्या शब्दांची परीक्षा करण्याचें कोणाच्या मनांतहि येत नाहीं. ते शब्द पाठ्यपुस्तकांत ठळक टाइपानें छापले गेले आणि परीक्षेंत रिकाम्या जागा भरण्याच्या कामीं आले, म्हणजे त्यांचें जीवितकार्य संपलें असें आपण समजतों. आम्हांस हें मान्य नाहीं. रसायनशास्त्राचे पहिले दहा-बारा मराठी शब्द ही आमच्या मतें एक वाङ्मयीन कृतिच आहे; तिचा कर्ता एक नाहीं, आणि त्याचें नांव मुखपृष्ठावर छापलेलें नाहीं, एवढाच काय तो फरक. कृति म्हटली कीं तिचे गुणदोष दाखविणें ओघानेंच आलें.

या विषयाकडे आमचें लक्ष वळण्यास एक क्षुल्लक प्रसंग कारण झाला. कांहीं वर्षांपूर्वीं प्रथम वर्षाच्या प्रात्यक्षिक परीक्षेंत एका विद्यार्थिनीस आम्हीं तोंडीं प्रश्न विचारला: तांबडा लिटमस कागद निळा कशानें होतो? मुलगी मराठी शाळेंतून आलेली. इंग्रजी शब्द जिभेवर येईना. "मराठींत सांग," असें आम्हीं म्हटलें. "क्षारानें," ती म्हणाली. आम्हीं मान हलविली. पाठ्यपुस्तकाप्रमाणें उत्तर हवें होतें "आम्लारीनें". क्षार म्हणजे आम्ल आणि आम्लारि यांच्या संयोगानें होणारा, मिठाच्या जातीचा पदार्थ. आम्हीं दोन गुण कापले. मुलगी जातां जातां थबकली आणि हळूच म्हणाली, "सर, पण पापडखारानें होतो निळा. मीं घरीं करून पाहिलंय." मागें मुलांची रांग उभी होती. आम्हीं तिला पुढच्या मुलास जागा करून देण्यास सांगितलें. त्या दोन गुणांचा हिशेब आम्हांस पुढें कित्येक दिवस लागेना, आणि हा लेख पुष्कळ अंशीं त्या हिशेबाचाच आहे.

रसायनशास्त्राचा आधुनिक इतिहासच मुळीं परिभाषेच्या प्रश्नापासून सुरू होतो, असें म्हटल्यास फारशी अतिशयोक्ति होणार नाहीं. इ. स. १७८७ मध्यें लव्हाझिए आणि त्याचे तीन सहकारी, गितों द मोर्व्हो, बर्तोले व फुर्क्रवा, यांनीं पॅरिस येथें रसायनाच्या नामपद्धतीवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यापूर्वींचीं नांवें पहावींत तर 'अँटिमनीचें लोणी', 'गंधकाचें यकृत', 'जस्ताचीं फुलें'! रंग, रूप किंवा शोधकाची लहर यांवरून जें सुचेल तें नांव. नव्या पद्धतींत नांव म्हणजे पदार्थाची कुळकथा झाली; तो कशाकशापासून झाला आहे हें नांवच सांगूं लागलें. दोन वर्षांनीं, १७८९ मध्यें, लव्हाझिएनें आपला प्रसिद्ध मूलग्रंथ लिहिला. त्याच्या प्रस्तावनेंत तो कबुली देतो कीं, आपण निघालों होतों भाषा सुधारावयास, आणि हातून नकळत झाला तो शास्त्राचाच ग्रंथ. शास्त्र सुधारल्याशिवाय भाषा सुधारत नाहीं, आणि भाषा सुधारल्याशिवाय शास्त्र सुधारत नाहीं, असा त्याचा अभिप्राय होता. तेव्हां परिभाषा हें शास्त्राचें केवळ वस्त्र आहे, असें म्हणणाऱ्यांनीं निदान या शास्त्राच्या जनकाची साक्ष काढूं नये.

मग चांगल्या पारिभाषिक शब्दाची कसोटी कोणती? शब्द संस्कृत असावा, असें एक पक्ष म्हणतो. तो इंग्रजींतून जसाच्या तसा उचलावा, असें दुसरा पक्ष म्हणतो. हा वाद कित्येक पिढ्या चालत आला आहे, आणि त्यांत शब्दाच्या कुळाची चौकशी होते, गुणांची होत नाहीं. आमच्या कसोट्या तीन आहेत. पहिली, शब्दाची शेजारच्या शब्दांपासूनची शींव स्पष्ट असावी. दुसरी, त्याला वंशविस्ताराची शक्ति असावी. म्हणजे त्यापासून दुसरे शब्द सहज निघावेत. तिसरी, घरांतील बोलीशीं त्याचा जेथें विरोध येत असेल, तेथें तो विरोध शिकविणारास ठाऊक असावा. या तिसऱ्या कसोटीकडे कोशकारांचें लक्ष सहसा जात नाहीं. आम्हांस मात्र तीच सर्वांत महत्त्वाची वाटूं लागली आहे.

प्रथम गुणांविषयीं बोलूं. साखर पाण्यांत विरघळली. साखर हें द्राव्य, पाणी हें द्रावक, आणि तयार झालेलें सरबत हें द्रावण. एका धातूपासून तीन शब्द निघाले. तिघांचें रूप मिळतें आणि काम वेगळें. मराठी मुलानें एक शब्द लक्षांत ठेवला कीं उरलेले दोन त्याच्या मागून चालत येतात. 'संयुग' आणि 'संयुजा' ही जोडी अशीच सुरेख आहे. अणूची जोडून घेण्याची शक्ति ती संयुजा, आणि जोडून झालेला पदार्थ तें संयुग. दोन्ही 'युज्' या धातूचीं लेकरें. इंग्रजींत या दोन कल्पनांचीं नांवें दोन परक्या कुळांतून आलीं आहेत. त्यांचें नातें इंग्रज मुलास गुरुजींनीं सांगावें लागतें, मराठी मुलास तें कानानेंच कळतें.

'मिश्रण' आणि 'संयुग' यांमधील शींवहि आपल्या भाषेनें चांगली आंखली आहे. भेळ हें मिश्रण. चुरमुरे, शेव, कांदा ज्याचा तो ओळखतां येतो, वेचून काढतां येतो, आणि कोणी किती घालावें याला नियम नाहीं. लोखंडाचा कीस आणि गंधकाची पूड एकत्र केली तर तेंहि मिश्रणच. लोहचुंबक फिरविला कीं लोखंड निराळें निघतें. परंतु तीच पूड नळींत घालून चांगली तापविली म्हणजे ती धगधगून एक काळा पदार्थ होतो. त्यांत लोखंडाचें लोखंडपण राहत नाहीं, गंधकाचें गंधकपण राहत नाहीं, चुंबक फिरवून कांहीं हातीं लागत नाहीं. आणि सात भाग लोखंडास चार भाग गंधक हें वजनाचें प्रमाण करणाराच्या इच्छेवर अवलंबून राहत नाहीं. हें संयुग. 'मूलद्रव्य' हाहि शब्द आम्हांस हिंदींतील 'तत्त्व' शब्दापेक्षां सरस वाटतो. तत्त्व म्हटलें कीं वेदान्त, सांख्य आणि पंचमहाभूतें हीं सारीं मागोमाग येतात. मूलद्रव्य त्यांना दारांतच थांबवितें. जल हें महाभूत असेल, पण तें मूलद्रव्य नव्हे, असें एका वाक्यांत म्हणतां येतें, आणि दोन्ही शास्त्रांची अब्रू राखली जाते. लव्हाझिएच्या १७८९ च्या यादींत अशीं तेहतीस नांवें होतीं, त्यांत प्रकाश आणि उष्णता यांचाहि समावेश होता. आज मूलद्रव्यांची संख्या ११८ आहे. यादी बदलली, शब्दाचें काम बदललें नाहीं.

आतां 'अणु' आणि 'रेणु' यांकडे वळूं. या दोन शब्दांची शींव अस्पष्ट राहिली तर काय होतें, हें यूरोपनें अर्धशतक भोगलें आहे. १८०८ मध्यें डाल्टननें आपला अणुवाद ग्रंथरूपानें मांडला. पण संयुगाच्या लहानांत लहान कणालाहि तो संयुक्त अणुच म्हणे. १८११ मध्यें आवोगाद्रोनें एकाच मूलद्रव्याचे दोन अणु एकमेकांस जोडून राहूं शकतात असें सुचविलें. त्याकडे जवळजवळ पन्नास वर्षें फारसें कोणीं लक्ष दिलें नाहीं. परिणाम असा झाला कीं, पाण्याच्या रेणूंत हायड्रोजनचा अणु एक कीं दोन, कार्बनचा अणुभार सहा कीं बारा, याविषयीं पंडितांत एकमत होईना. शेवटीं सप्टेंबर १८६० मध्यें जर्मनींतील कार्ल्सरूए या गांवीं सुमारें १४० रसायनज्ञ जमले, आणि त्यांच्यापुढें मुख्य प्रश्न होता तो अशा मूळ शब्दांचा अर्थ ठरविण्याचा. कानिझारोनें तेथें आवोगाद्रोचें म्हणणें पुन्हां मांडलें. त्या सभेस एक तरुण रशियन हजर होता. त्याचें नांव मेंडेलीव्ह. नऊ वर्षांनीं, १८६९ मध्यें, त्यानें आपली आवर्तसारणी प्रसिद्ध केली. अणुभार निश्चित झाल्यावांचून ती सारणी मांडतां आली नसती, आणि शब्द निश्चित झाल्यावांचून अणुभार निश्चित झाले नसते.

मराठीनें अॅटमला 'अणु' म्हटलें व मॉलिक्यूलला 'रेणु'. हिंदीनें अॅटमला 'परमाणु' म्हटलें व मॉलिक्यूलला 'अणु'. म्हणजे एकच 'अणु' शब्द नर्मदेच्या अलीकडे एक वस्तु दाखवितो आणि पलीकडे दुसरी! सर्व भारतास एक परिभाषा मिळावी म्हणून संस्कृत शब्द घ्यावेत, असें जे म्हणतात, त्यांनीं या पहिल्याच पायरीवर जरा थांबावें. हिंदी वर्तमानपत्रांतील 'परमाणु बम' आणि मराठीतील 'अणुबाँब' यांनीं होणारा संहार एकच आहे. पण हिंदी पुस्तकावरून अभ्यास करणारा मराठी मुलगा "पाण्याच्या एका अणूंत तीन परमाणु असतात" हें वाक्य वाचून गोंधळतो, आणि त्यांत त्याचा दोष नाहीं. कणादाच्या दर्शनाप्रमाणें पाहिलें तर हिंदीचा पक्ष बळकट आहे. तेथें परमाणु हाच अंतिम कण, आणि दोन परमाणूंचें द्व्यणुक. तरीहि आम्ही मराठीच्याच बाजूनें मत देतों, आणि त्याचें कारण असें. 'अॅटम' म्हणजे ग्रीकांत 'न फुटणारा'. १८९७ मध्यें जे. जे. टॉमसननें इलेक्ट्रॉन शोधला आणि हें नांव खोटें पडलें. 'परमाणु' हाहि "माझ्याहून लहान कोणी नाहीं" असा दावा करतो; त्याचीहि तीच गत झाली. आपला 'अणु' मात्र "मी फार लहान आहे" एवढेंच म्हणतो. इतकें विनयी नांव शास्त्राच्या पुढील शोधांनीं खोटें पडत नाहीं. 'रेणु' हा शब्द तितका निर्दोष नाहीं. रेणु म्हणजे धूळ. धुळीचा कण डोळ्यांस दिसतो, आणि त्यांत रेणु किती याची गणती करूं लागल्यास आंकड्यांस पुरे पडावयाचें नाहीं. परंतु शब्द आटोपशीर आहे, अणूच्या शेजारीं शोभतो, आणि त्याची शींव स्पष्ट आहे. दोष पदरांत घालून त्याला ठेवून घ्यावें.

'प्राणवायु' या शब्दाविषयीं आम्हांस इतकें सौम्य होतां येत नाहीं. शब्द सुंदर आहे, यांत शंका नाहीं. २०२१ च्या साथींत वर्तमानपत्रांतून तो पुन्हां पुन्हां छापला जाऊं लागला, तेव्हां त्यांतील 'प्राण' हा केवळ अलंकार राहिला नव्हता. तरीहि त्याच दिवसांत गांवोगांव लोकांच्या तोंडीं होता तो 'ऑक्सिजन', हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. या शब्दावर सामान्यतः घेतला जाणारा आक्षेप असा, कीं वैद्यकांत प्राणवायु हा पंचप्राणांपैकीं एक असून त्याचा या पदार्थाशीं संबंध नाहीं. हा आक्षेप आम्हांस गौण वाटतो. खरा दोष 'प्राण' मध्यें नसून 'वायु' मध्यें आहे. वायु ही मूलद्रव्याची जात नव्हे, ती एक अवस्था आहे. हा पदार्थ शून्याखालीं १८३ अंशांवर द्रव होतो. तेव्हां त्याला 'द्रव प्राणवायु' म्हणावें लागतें. पाण्याच्या वजनांत नऊपैकीं आठ भाग तोच आहे, आणि शुद्ध वाळूच्या शंभर भागांत त्रेपन्न भाग तोच; पण वाळूंत वायु कोठें आहे? लोखंडावर चढणाऱ्या गंजांत वायु कोठें आहे? जुन्या मराठी पुस्तकांतील उज्जवायु, नत्रवायु, हरवायु या साऱ्यांचें हेंच झालें. नांवांत अवस्था गुंतल्यामुळें मूलद्रव्य संयुगांत शिरलें कीं नांव दाराबाहेर राहूं लागलें. दुसऱ्या कसोटीस, वंशविस्ताराच्या कसोटीस, हीं नांवें उतरलीं नाहींत, आणि म्हणून शाळेच्या पुस्तकांत 'ऑक्सिजन', 'हायड्रोजन' आले. इंग्रजीच्या मोहानें ते आले असें म्हणणें बरोबर नाहीं. आपल्या शब्दांत एक जागा मोकळी राहिली होती, ती त्यांनीं घेतली.

येथें कोणी म्हणेल कीं, ऑक्सिजन हें नांव तरी कोठें खरें आहे? आक्षेप रास्त आहे. लव्हाझिएनें ग्रीकांतून बनविलेल्या या नांवाचा अर्थ 'आम्लजनक'. सर्व आम्लांत हें मूलद्रव्य असतेंच, अशी त्याची खात्री होती. पुढें डेव्हीनें १८१० च्या सुमारास दाखवून दिलें कीं, मिठापासून निघणाऱ्या आम्लांत ऑक्सिजनचा लवलेश नाहीं. नांव खोटें ठरलें, पण टिकलें. जर्मन लोकांनीं तर तें भाषांतर करून घेतलें, 'आंबट द्रव्य'. आणि जपानांत उदागावा योआन या पंडितानें १८३७ पासून प्रसिद्ध होऊं लागलेल्या आपल्या रसायनग्रंथांत जपानी नांवें घडविलीं, तेव्हां त्यानेंहि डच भाषेमार्गें तीच चूक उचलली. दोन्ही देशांत तीं नांवें आजहि चालू आहेत, आणि त्या देशांचें रसायनशास्त्र मागें पडलें असें कोणी म्हणणार नाहीं. यावरून काय निघतें? शब्दाची व्युत्पत्ति खरी असलीच पाहिजे असें नाहीं. वापर निश्चित असला आणि शब्द बीजधारी असला म्हणजे पुरे. आणखी एक गोष्ट पहावी. जर्मन नांवाचें शेपूट 'द्रव्य' या अर्थाचें आहे, जपानी नांवाचें 'मूल' या अर्थाचें. दोघांनींहि चूक भाषांतरिली, पण 'वायु' म्हटलें नाहीं. आपण चूक टाळली आणि 'वायु' म्हटलें. त्यांचीं नांवें खोटीं असून चाललीं. आपलें बरेंच खरें असून अडलें.

'क्षपण' या शब्दांत नेमकी उलट चूक झाली आहे. खनिजापासून धातु परत मिळवावयाची या क्रियेस पाश्चात्त्य धातुकारांनीं जें नांव दिलें, त्याचा लॅटिन अर्थ 'मागें आणणें' असा आहे. खनिजाला त्याच्या धातुरूपावर परत आणणें. पुढें इंग्रजींत त्याच शब्दास 'कमी करणें' हा अर्थ आला, आणि आपल्या भाषांतरकारांनीं तो घेऊन 'क्षपण', म्हणजे झिजविणें, असा शब्द केला. आज मुलांना आपण शिकवितों कीं, ज्या क्रियेंत अणूस इलेक्ट्रॉन मिळतात तिचें नांव क्षपण! मिळकतीला झीज म्हणावयाचें, आणि मुलानें विचारलें तर पाठ कर म्हणावयाचें. येथें भाषांतर झालें तें शब्दाचें. वस्तूकडे कोणीं पाहिलें नाहीं.

आतां त्या दोन गुणांकडे येऊं. 'आम्ल' हा शब्द सरळ आहे. आंबट तें आम्ल. 'आम्लारि' म्हणजे आम्लाचा शत्रु. शब्द कांहींसा नाटकी असला तरी समजतो. एवढेंच कीं या शत्रूंची गांठ पडली म्हणजे शेवट लग्नांत होतो, आणि त्यापासून क्षार व पाणी निपजतें. अडचण आहे ती 'क्षार' शब्दाचीच. सुश्रुतसंहितेंत क्षार म्हणजे वनस्पति जाळून, त्यांची राख पाण्यांत कालवून, चुन्याच्या योगानें तीव्र केलेला दाहक पदार्थ. तो शस्त्रकर्माऐवजीं वापरीत. प्रफुल्लचंद्र रॉय यांनीं १९०२ मध्यें प्रसिद्ध केलेल्या हिंदु रसायनाच्या इतिहासांत या कृतीचा गौरव केला आहे. हा पदार्थ उघडच आम्लारि होय. अरबांचा 'अल्-कली', ज्यापासून यूरोपीय भाषांत 'अल्कली' आला, तोहि वनस्पतींच्या राखेचाच. हिंदींत आजहि क्षार म्हणजे अल्कली, आणि मिठाच्या जातीस 'लवण' हा स्वतंत्र शब्द. आमच्या घरांतील डब्यांवरचीं नांवें पहावींत तर पापडखार, सज्जीखार, टांकणखार. सोऱ्यासारखा एखादा अपवाद सोडला, तर ज्याला घरानें 'खार' म्हटलें तें तांबड्या लिटमसास निळें करतें. आणि मीठ, तुरटी, नवसागर, मोरचूद यांस घरानें खार म्हटलेलें नाहीं. लिटमस हातीं नसतां बायकांच्या जिभेनें आणि बोटांनीं केलेलें हें वर्गीकरण आहे. मात्र न्यायासाठीं हेंहि सांगितलें पाहिजे कीं, खारट, खारे दाणे, खारें पाणी हे शब्दहि घरचेच, आणि ते मिठाकडे ओढतात. म्हणजे शब्द मूळचाच दुतोंडी होता. पाठ्यपुस्तकानें त्याचें एक तोंड मान्य केलें आणि दुसरें आहे हें सांगितलें नाहीं. 'लवण' शब्द घेतला असता तर हा घोंटाळा टळला असता, असें आमचें स्पष्ट मत आहे. आतां क्षारयुक्त पाणी, रक्तांतील क्षार असे प्रयोग इतके रूढ झाले आहेत कीं, बदल सुचविण्यांत अर्थ नाहीं. परंतु निदान शिक्षकानें दोन्ही तोंडें दाखवावींत.

पापडखार म्हणजे मुख्यत्वें सोडियमचे कार्बोनेट व बायकार्बोनेट. पाठ्यपुस्तकाच्या अर्थानें तो क्षार आहे, कारण तो एका आम्लाचा व एका आम्लारीचा संयोग आहे. आणि आजीच्या अर्थानेंहि तो खार आहे, कारण त्यानें लिटमस निळा होतो. कारण असें कीं, क्षाराच्या दोन कुळांपैकीं जें बलवान्, त्याचा स्वभाव क्षारांत उतरतो. पापडखाराचें आम्ल दुबळें आणि आम्लारि प्रबळ, म्हणून पाण्यांत तो आम्लारीच्या वळणावर जातो. नवसागराचें उलट, त्याचें आम्ल प्रबळ, म्हणून निळा लिटमस त्याच्या पाण्यांत तांबूस होतो, आणि म्हणूनच कल्हईवाला भांड्यावरील काट काढावयास त्याची चिमूट टाकतो. मिठाचीं दोन्ही कुळें तुल्यबळ, म्हणून लिटमस जसाच्या तसा. तेव्हां त्या मुलीचें उत्तर अपुरें होतें, पण खोटें नव्हतें. आणि तिच्या प्रश्नांत, आम्हीं ऐकून घेतलें असतें तर, पुढच्या वर्षाचा एक अख्खा धडा होता.

यावर इंग्रजीचा पक्ष म्हणेल, "पाहा, मराठी शब्दांनीं काय गोंधळ होतो तें! मुलांना 'बेस' आणि 'सॉल्ट' शिकवा, म्हणजे झालें." आणि हा पक्ष आज प्रबळ आहे. सेमी-इंग्रजीच्या नांवाखालीं कितीतरी मराठी शाळांत विज्ञान इंग्रजींतून शिकविलें जातें, आणि या मासिकाच्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं आपल्या मुलांसाठीं तोच मार्ग निवडला असेल. त्यांना दोष देण्याचा आमचा हेतु नाहीं; पुढील शिक्षण इंग्रजींत आहे हें आम्ही रोज पाहतों. परंतु इंग्रजी शब्द निर्मळ आहेत, ही समजूत मात्र सोडावी. 'सॉल्ट' हा इंग्रज मुलाच्या घरीं जेवणाच्या टेबलावरच असतो, आणि मोरचूदहि सॉल्ट आहे हें त्याला पटवून द्यावें लागतें. 'बेस' म्हणजे त्याला पाया. 'रिडक्शन' ऐकून तोहि विचारतो कीं, कमी काय झालें? दोष दोन्हीकडे आहेत. फरक इतकाच कीं, इंग्रज मुलगा प्रश्न विचारतो, कारण शब्द त्याच्या घरचा आहे. आपला मुलगा 'सॉल्ट' ही व्याख्या बिनचूक पाठ करतो, आणि त्याला प्रश्न पडत नाहीं. कारण त्या शब्दाचें त्याच्या स्वयंपाकघराशीं भांडण होण्यासारखें कांहीं नाहीं. तो गोंधळत नाहीं हें खरें. परंतु तें समजल्यामुळें नव्हे, शब्द कोठेंच टेंकत नाहीं म्हणून. ती मुलगी 'क्षार' शब्दावर चुकली, म्हणूनच तिला पापडखार आठवला. 'सॉल्ट' म्हटलें असतें तर तिला पूर्ण गुण मिळाले असते, आणि आम्ही दोघेंहि जसेच्या तसे राहिलों असतों.

मराठी परिभाषेची बाजू आम्ही घेतों ती याच कारणासाठीं. ती अभिमानास्पद आहे म्हणून नव्हे, निर्दोष आहे म्हणून तर मुळींच नव्हे. वर आम्हीं तिच्यावर जे आक्षेप घेतले त्यांतील एकहि मागें घेण्यास आम्ही तयार नाहीं. परंतु ज्या शब्दाचें घरांतील वस्तूंशीं भांडण होऊं शकतें, त्याच शब्दापासून विचार सुरू होतो. मुलगा इंग्रजींतून शिकत असला तरी त्याला दुसरा, घरचा शब्द ठाऊक असावा, आणि दोहोंची गांठ त्याच्यापुढें कोणीं तरी घालून द्यावी. हें काम शाळा करील असा भरंवसा धरून बसूं नये.

त्या मुलीचे गुण परत करण्याची सोय राहिली नव्हती; निकाल लागला होता, आणि पुढच्या वर्षीं ती दुसऱ्या विषयाकडे वळली. तेव्हांपासून आम्ही पहिल्या तासाला मीठ, पापडखार, तुरटी आणि नवसागर अशा चार पुड्या मेजावर मांडतों. चारहि पुस्तकाप्रमाणें क्षारच आहेत. मुलांना सांगतों कीं, प्रत्येकाचें पाणी करा, लिटमस बुडवा, आणि मग सांगा क्षार म्हणजे काय. पहिला अर्धा तास नुसता गलका होतो. वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं लिटमस नसेल, त्यांनीं हळदीचा कागद करून पहावा. हळदीच्या डागाला साबण लागला कीं तो तांबडा होतो, हें कोणत्याहि घरांत सांगावें लागत नाहीं. पापडखारानेंहि तो तसाच होईल. असें कां होतें, हें मुलानें विचारलें आणि आपणांस सांगतां आलें नाहीं, तर संकोच मानूं नये. पुस्तक काढून दोघांनीं मिळून पहावें. त्याला जागा करून देण्यास मात्र सांगूं नये.